मधला लोब गेला, गोळ्या चालू राहिल्या: एनटीएमवरच्या उपचारांचा माझा अनुभव

मी अमळनेर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ५४. मला झालेल्या आजाराचं नाव मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं, आणि आमच्या भागात अजूनही फार थोड्यांना ते माहीत आहे. एनटीएम. टीबीच्या जंतूंच्याच कुळातले, पण टीबीचे नसलेले जंतू फुप्फुसात घर करतात, तो आजार. त्यासाठी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात माझ्या उजव्या फुप्फुसाचा मधला लोब, म्हणजे फुप्फुसाचा मधला भाग, काढला. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून दोन वर्षं गोळ्या घेतल्या. त्या सगळ्या सेवेबद्दल हे लिहिते आहे.

रुग्णालयाचं नाव देत नाही. चांगलं खूप सांगायचंय, पण दोन गंभीर चुकाही सांगायच्या आहेत, आणि मला कोणाशी भांडण मांडायचं नाही. पाचपैकी चार तारे देते. औषधाचे डॉक्टर आणि ऑपरेशनचे डॉक्टर एकत्र बसून जे काम करतात त्याला पूर्ण पाच. पेशंटला घरी पाठवतानाच्या कागदपत्रांना मात्र दोनच, आणि का ते खाली येईल.

सुरुवात २०२१ च्या दिवाळीनंतर झाली. कोरडा खोकला, मग बेडका, संध्याकाळी कणकण. खडूची धूळ असेल म्हणून दोन महिने काढले. वजन ४६ वरून ४१ वर आलं तेव्हा आमचे हे ऐकेनात, डॉक्टरकडे घेऊन गेले. बेडक्याच्या तपासणीत जंतू दिसले. टीबी म्हणून औषधं सुरू झाली, सहा महिने चालली. त्याच वेळी सीबीनॅट नावाची दुसरी तपासणीही केली होती, आणि तिच्या कागदावर टीबीचा जंतू आढळला नाही असं स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद फाइलमध्ये राहिला. मी शिकलेली बाई, रोज मुलांच्या वह्या तपासते, पण मीही तो नीट वाचला नाही, आणि ज्यांनी वाचायला हवा होता त्यांनीही नाही.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं सगळं इथून फिरलं. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू आणि हे जंतू सारखेच दिसतात, दोघांनाही तोच लाल रंग चढतो. सीबीनॅट फक्त टीबीच्या जंतूची खूण शोधतं. म्हणून काचेवर जंतू दिसतात पण सीबीनॅटमध्ये टीबी नाही, असं झालं तर डॉक्टरांनी थांबून विचार करायला हवा. टीबीच्या चार औषधांतली दोन, रिफाम्पिसिन आणि इथॅमब्युटॉल, माझ्या जंतूवरही चालतात. त्यामुळे मला थोडं बरं वाटलं, आणि सगळ्यांना वाटलं निदान बरोबर होतं. औषधं संपली आणि चार महिन्यांत खोकला परत आला. २०२२ च्या डिसेंबरात वर्गात फळ्यासमोर उभी असताना रुमालात रक्त आलं. चौथीची मुलं समोर बसलेली. मी तोंड धुवायला म्हणून बाहेर गेले ती त्या दिवशी परत वर्गात आलेच नाही.

त्या सहा महिन्यांत घरात माझा पेला वेगळा होता. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठेवला होता. शाळेत चहाच्या वेळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. नंतर कळलं की माझा आजार साधारणपणे माणसाकडून माणसाला होत नाही, तो पाण्यातून आणि मातीतून येतो. ज्यांनी खुर्ची लांब ओढली त्यांच्यावर राग नाही, पण ते सहा महिने मी विसरलेले नाही.

खरं निदान जळगावच्या एका छातीच्या डॉक्टरांनी केलं. त्यांनी जुनी फाइल पानापानाने पाहिली, तो सीबीनॅटचा कागद बाहेर काढला आणि म्हणाले, ‘‘बाई, ह्याच्यावर कोणी काही बोललं का तुम्हाला?’’ मग वेगवेगळ्या दिवशीचे बेडक्याचे दोन नमुने कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवले. दोन का, ते त्यांनी समजावून सांगितलं. हे जंतू नळाच्या पाण्यातही असतात, एकाच नमुन्यात सापडले तर ते बाटलीत कुठून तरी आलेलेही असू शकतात. दोन वेगळ्या नमुन्यांत एकच जात सापडली, लक्षणं जुळली, सीटी स्कॅन जुळला, तरच आजार म्हणायचा. कल्चरला पाच आठवडे लागले, जात ओळखायला आणखी काही दिवस. मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलेर. एव्हियम आणि तिच्या बहिणींच्या गटातली जात, डॉक्टर त्या गटाला मॅक म्हणतात. अशा जाती आता १९० च्या वर नोंदल्या गेल्या आहेत आणि प्रत्येकीचं औषध सारखं नाही, त्यामुळे नुसतं एनटीएम एवढं लिहून आलेला रिपोर्ट अर्धाच समजायचा.

मार्च २०२३ मध्ये तीन गोळ्या सुरू झाल्या: ॲझिथ्रोमायसिन, इथॅमब्युटॉल, रिफाम्पिसिन. डोस लिहीत नाही, ते वजनावर आणि आजाराच्या प्रकारावर ठरतात आणि वाचून घ्यायचे नसतात. यातली ॲझिथ्रोमायसिन ही मुख्य. ती कधीही एकटी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी मला आणि ह्यांना, दोघांनाही तीनदा सांगितलं. एकटी घेतली की जंतू तिला सरावतात, आणि ती हातातून गेली की उरलेल्या औषधांनी हा आजार आवरणं फार कठीण होतं. आपल्याकडे घसा दुखला तरी मेडिकलमधून ‘तीन दिवसांची ॲझी’ घेतात, म्हणून हे ठळक लिहिते आहे.

सासूबाईंना या गोळ्यांचं कोडं पडलं होतं. ‘‘तुले टीबी नही शे ना, मंग गोया कसाले खास?’’ असं त्या रोज सकाळी विचारायच्या. मी रोज वेगळं उत्तर द्यायचे. शेवटी म्हटलं, टीबीची चुलत बहीण आहे. तेव्हा त्यांना पटलं.

सहा महिने झाले. खोकला निम्मा झाला, पण दर महिन्याचं कल्चर जंतूच दाखवत होतं. रक्तही दोनदा आलं. नवा सीटी काढला तर उजव्या फुप्फुसाचा मधला लोब आक्रसलेला, त्यातल्या श्वासनलिका फुगून वेड्यावाकड्या झालेल्या, आणि एक पोकळी. डावीकडे लिंग्युला नावाच्या भागात थोडे डाग. जळगावच्या डॉक्टरांनी इथे जे केलं त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. त्यांनी स्वतःकडे आणखी वर्षभर गोळ्या रेटल्या नाहीत. म्हणाले, ‘‘आता एकट्या गोळ्यांचं काम नाही. जिथे या आजाराचं ऑपरेशन आणि औषध दोन्ही एकत्र बघतात तिथे जा,’’ आणि चिठ्ठी दिली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. आता मुख्य सेवेबद्दल.

पहिल्याच भेटीत एका खोलीत छातीचे डॉक्टर, शस्त्रक्रियेचे डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट ताई, असे तिघं होते. मी याआधी कुठल्याही दवाखान्यात असं पाहिलं नव्हतं. आपल्याकडे एक डॉक्टर दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसरी तपासणी सांगतो, आणि मधे पेशंट फाइल घेऊन जिने चढतो. इथे सर्जननी सीटीच्या मोठ्या पाकिटाच्या पाठीवर पेनाने एक आडवी रेघ मारली. तिच्यावर महिने लिहिले. सुरुवातीला इंजेक्शन आणि गोळ्या, मधे एक ठिपका, ठिपक्याच्या पुढे परत गोळ्या, लांबपर्यंत. म्हणाले, ‘‘बाई, हा ठिपका म्हणजे मी. बाकीची रेघ ह्यांची,’’ आणि छातीच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

त्या एका रेघेत सगळं होतं. बिघडलेल्या लोबमध्ये रक्तपुरवठा नीट नसतो, पोकळीच्या भिंती जाड असतात, तिथे औषध पुरेसं पोहोचत नाही, आणि जंतूंचा मोठा साठा तिथेच बसलेला असतो. मधल्या लोबची नळी मुळातच अरुंद आणि लांबट, त्यात बेडका साचून राहतो. तो साठा काढून टाकला की उरलेल्या जंतूंना गोळ्या पुऱ्या पडतात. पण आधी औषधांनी जंतूंची संख्या खाली आणली नाही, तर कापलेल्या नळीचं तोंड नीट भरून येत नाही, तिथून हवा गळत राहण्याचा धोका वाढतो. आणि ऑपरेशननंतर औषध थांबवलं तर बाकीच्या फुप्फुसात जे विखुरलेले जंतू आहेत ते मोकळे सुटतात. म्हणून ठिपका रेघेच्या मधेच हवा. आमचे हे तोवर विचारत होते, ‘‘एकदाचं काढून टाकलं की गोळ्या बंद ना डॉक्टर?’’ ते ऐकून छातीचे डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसले आणि परत पहिल्यापासून समजावलं. घाई केली नाही.

माझ्या मुलाने सर्जनना सरळ विचारलं की धोका किती. त्यांनी टाळलं नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या पथकाने २००८ मध्ये आपला अनुभव छापला होता: १९८३ ते २००६ या काळात २३६ रुग्णांवर या आजारासाठी फुप्फुसाचे भाग काढायची ऑपरेशनं, मृत्यू २.६ टक्के. नंतर त्यांनीच दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनांबद्दल लिहिलं, जंतूंनी बिघडवलेल्या फुप्फुसांच्या १७१ रुग्णांवर २१२ ऑपरेशनं, त्यात एकही मृत्यू नाही. सर्जन म्हणाले, ‘‘हे निवडलेल्या पेशंटचे आणि रोज हेच करणाऱ्या हातांचे आकडे आहेत. तुम्ही निवडीत बसता, म्हणून तुम्हाला सांगतोय.’’ २०२० मध्ये अमेरिका आणि युरोपच्या चार संस्थांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही ऑपरेशन हे निवडक रुग्णांनाच, औषधांच्या जोडीला आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुचवलंय. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना त्याच सर्जननी नाही म्हटलं होतं. त्यांचा आजार दोन्ही बाजूंना पसरलेला होता आणि दम कमी होता. त्यांना वाईट वाटत होतं. पण पैसे मिळतात म्हणून चाकू न उचलणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास त्याच क्षणी बसला.

माझं गणित त्यांनी मोजून दाखवलं. उजव्या फुप्फुसात दहा सेगमेंट, म्हणजे लोबचे छोटे भाग, मधल्या लोबमध्ये त्यातले दोन, आणि तेही आधीच निकामी. काढून दम फारसा कमी होणार नव्हता. डावीकडच्या लिंग्युलातले डाग गोळ्यांवर सोडायचे ठरले.

मग ठिपक्याच्या आधीची रेघ. जंतू अजून ॲझिथ्रोमायसिनला दबतात का ते परत तपासलं, दबत होते. तीन गोळ्यांना ॲमिकासिनच्या इंजेक्शनची जोड दिली, आठवड्यातून तीन दिवस, अमळनेरलाच एका दवाखान्यात. वजन वाढवायला सांगितलं, कारण ४१ किलोच्या अंगाची जखम लवकर भरत नाही. सासूबाईंनी हे काम मनावर घेतलं. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी कळण्याची भाकरी आणि भाजीत शेंगदाण्याचं कूट, चार वाजता गूळ-शेंगदाणे, दर रविवारी तुपात भिजलेली बट्टी. ऑपरेशनच्या दिवशी वजन ४३ किलो ४०० ग्रॅम होतं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी बेडका मोकळा करायचे श्वासाचे व्यायाम शिकवले: हळू श्वास, खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ करत सोडायचा. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. या व्यायामांनी जेवढा आराम पडला तेवढा कुठल्याही खोकल्याच्या बाटलीने पडला नव्हता, आणि दोन वर्षांत मला ते आधी कोणीच सांगितले नव्हते.

इथे पहिली चूक. ॲमिकासिनने कान आणि किडनी बिघडू शकते. सुरुवातीला ऐकण्याची तपासणी केली, किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलं. पण पुढे कान परत केव्हा तपासायचे याची तारीख कोणी लिहून दिली नाही. नवव्या आठवड्यात रात्री कानात रातकिड्यांसारखा आवाज सुरू झाला. मला वाटलं थकवा आहे. आठ दिवसांनी फोनवर सहज बोलून गेले, तेव्हा डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शन बंद केलं. आवाज कमी झाला, गेला नाही. शाळेत शेवटच्या बाकावरचं पोरगं हळू बोललं की आता मला दोनदा विचारावं लागतं. एका कागदावर चार तारखा लिहून दिल्या असत्या तर मी त्या पाळल्या असत्या. हे मी तिथे लेखी कळवलंय.

ऑपरेशन १८ जानेवारी २०२४ ला झालं. दुर्बिणीतून, बरगड्यांच्या मधून तीन छिद्रं, एक जरा मोठं. साडेतीन तास. त्याबद्दल मी काय सांगणार, मी झोपलेली होते. पण एक गोष्ट नंतर सिस्टरकडून कळली. काढलेला तुकडा सर्जननी दोन बरण्यांत पाठवायला लावला होता, एक फॉर्मेलिनमध्ये आणि एक साध्या सलाईनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्या तुकड्याचं कल्चर होऊच शकत नाही. घाईत सगळा तुकडा एकाच बरणीत गेला की ती माहिती कायमची गेली. तुम्हीही ऑपरेशनच्या आधी एवढं एक वाक्य विचारा.

ऑपरेशननंतर आत साचणारं पाणी आणि हवा बाहेर काढायला छातीत घातलेली नळी चार दिवस होती. ती नळी दुखते, याची कोणी कल्पना देत नाही. कूस बदलली की बरगडीच्या आत काहीतरी घासतं. पण पाठीतून दिलेल्या औषधाने वेदना आटोक्यात ठेवली, कारण दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि मग उरलेलं फुप्फुस नीट फुलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला नळीच्या डब्यासकट चालवलं. श्वास ओढून चेंडू वर न्यायच्या तीन चेंडूंच्या यंत्रात पहिल्या दिवशी एकच चेंडू वर गेला, पाचव्या दिवशी दोन गेले. रात्रपाळीच्या सिस्टर दर दोन तासांनी येऊन खोकायला लावत. उशी छातीशी दाबून धरायची आणि खोकायचं. त्या सिस्टर माझ्या मुलापेक्षाही लहान होत्या, आणि माझ्याकडून पुरा खोकला घेतल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जात नव्हत्या.

नातेवाइकांची सोय मात्र नाहीच. हे सहा रात्री प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून होते. बाहेरगावच्या माणसाने जवळपास धर्मशाळा आधी बघूनच जावं.

सहाव्या दिवशी घरी सोडलं, आणि इथे ती दुसरी चूक झाली, जिच्यासाठी मी कागदपत्रांना दोन तारे दिले. डिस्चार्जच्या कागदावर ॲझिथ्रोमायसिन पाच दिवस, असं छापलेलं होतं. बाकीच्या दोन गोळ्यांचं नावच नव्हतं. छातीच्या ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटला जो ठरलेला मजकूर जातो, तो तसाच माझ्या नावावर आला होता. आम्ही थकलेले, कागद वाचलाही नाही. अमळनेरला हे मेडिकलमध्ये गेले तेव्हा तिथला मुलगा, जो दहा महिने मला या गोळ्या देत होता, तो म्हणाला, ‘‘काका, पाच दिवसांचं कसं लिहिलंय? बाईंचा तर वर्षाचा कोर्स आहे ना?’’ त्या मुलाने विचारलं नसतं तर? ज्या पेशंटचं मेडिकल दर वेळी वेगळं असतं, त्याचं काय? मी लगेच फोन लावला. छातीच्या डॉक्टरांनी स्वतः उचलला, माफी मागितली आणि तासाभरात बरोबर कागद मोबाइलवर पाठवला. माफी मी मनापासून स्वीकारली. पण जिथे दोन विभागांचे डॉक्टर एवढ्या काळजीने एकच रेघ आखतात, तिथे शेवटच्या कागदावर ती रेघ तुटलेली असावी, हे मला अजून लागून राहिलंय.

सहा आठवड्यांनी काढलेल्या तुकड्याचं कल्चर आलं. दहा महिने तीन गोळ्या, त्यातले शेवटचे काही आठवडे इंजेक्शन, आणि तरी त्या तुकड्यात जंतू जिवंत होते. तो रिपोर्ट मी ह्यांना वाचून दाखवला. हे बराच वेळ गप्प बसले आणि मग उठून माझी त्या दिवशीची गोळी पाण्याच्या पेल्याबरोबर समोर आणून ठेवली. ‘गोळ्या बंद ना’ हा प्रश्न त्यानंतर त्यांनी कधी विचारला नाही.

ऑपरेशननंतरची पंधरवड्याची विश्रांती आणि आमच्या गावचं साहित्य संमेलन एकाच वेळी आले. १९५२ नंतर पहिल्यांदा अमळनेरला संमेलन, २ ते ४ फेब्रुवारी, आणि मी घरात छातीशी उशी धरून. धुळीत आणि गर्दीत जायचं नाही असं निक्षून सांगितलेलं. धाकट्या बहिणीने तीन दिवस रोज संध्याकाळी येऊन काय झालं ते सांगितलं आणि पुस्तकांची एक पिशवी आणली. ती पुस्तकं मी उन्हाळ्यात मोठ्याने वाचून संपवली. श्वासाचा व्यायाम म्हणून फिजिओ ताईंनी मोठ्याने वाचायला सांगितलं होतं.

२० फेब्रुवारी २०२४ चा नमुना हा पहिला, ज्यात जंतू वाढले नाहीत. मार्चचाही नाही, एप्रिलचाही नाही. किमान चार आठवड्यांच्या अंतराने सलग तीन नमुने स्वच्छ आले की मग पहिल्या स्वच्छ नमुन्याच्या तारखेपासून कमीत कमी बारा महिने गोळ्या, असा हिशेब असतो. म्हणून ऑपरेशनच्या तारखेपासून वर्ष मोजणाऱ्यांनी चूक करू नये. माझ्या गोळ्या फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस थांबल्या.

ते वर्ष सोपं नव्हतं. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याने घाबरायचं नाही. पण तीच गोळी दुसऱ्या औषधांचा जोर कमी करते. माझी थायरॉइडची गोळी अपुरी पडायला लागली, रक्तातला टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) वर गेला, डोस वाढवावा लागला आणि नंतर परत कमी केला. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, जे काही चालू असेल ते पहिल्याच दिवशी सांगा. इथॅमब्युटॉलने डोळ्यांच्या नसेला इजा होऊ शकते, लाल-हिरवा फरक पुसट होतो. दर महिन्याला रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची तपासणी केली, आणि घरी रोज सकाळी एक डोळा झाकून पेपरचा मथळा वाचायचा, मग दुसरा. मळमळ पहिले दोन महिने होती, रात्री जेवणानंतर ॲझिथ्रोमायसिन घ्यायला लागल्यावर कमी झाली.

घरातल्या पाण्याबद्दल त्यांनी बरंच विचारलं. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते टाकीत साठवतो. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास, कूलर रात्रंदिवस चालतो आणि माझी खाट बरोबर कूलरसमोर होती. अंगणात कुंड्यांची माती मी हाताने कालवते. या सगळ्यात नेमकं कुठून जंतू आले ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि मला ते प्रामाणिक वाटलं. पण आता कूलरची टाकी दर चार दिवसांनी रिकामी करून घासून वाळवतो, खाट हलवली, आणि माती कालवताना आधी ती ओली करते आणि तोंडाला मास्क लावते.

खर्चाचं थोडक्यात. ऑपरेशन, सहा दिवस आणि तपासण्या धरून चार लाख ऐंशी हजार. गोळ्यांचा महिन्याचा खर्च दोन हजारांच्या आत. कल्चर, सीटी आणि मुंबईच्या नऊ फेऱ्या वेगळ्या. बिल समजावून सांगणाऱ्या मॅडमनी प्रत्येक ओळ दाखवली, आधी सांगितलेल्या अंदाजापेक्षा बावीस हजारच जास्त झाले. शाळेकडून मिळायची प्रतिपूर्ती अजून फाइलमध्ये आहे.

मला कोणी फोन करून विचारतं, जाऊ का? तेव्हा मी आधी त्यांनाच विचारते: जंतूची जात कळली का, दोन नमुन्यांत तीच आली का, ॲझिथ्रोमायसिनला दबतो का ते तपासलं का. हे तीन कागद हातात नसतील तर मुंबईची फेरी वाया जाते, कारण तिथे पहिल्या भेटीत हेच मागतात. आणि हातात असतील तर एकट्या सर्जनकडे जाऊ नका, एकट्या छातीच्या डॉक्टरकडेही नको. दोघं एकमेकांशी बोलतात का, एवढं बघून या. धुळे-जळगाव पट्ट्यातून जाणार असाल तर मंगळवारची वेळ मागा. आमच्या त्या रुग्णालयात तिघं एकत्र मंगळवारीच बसतात.

गोळ्या थांबून आठ महिने झालेत. हा आजार परत येऊ शकतो, जुना जंतू नाही तर पाण्यातून नवा, म्हणून दर तीन महिन्यांनी नमुना द्यायचा असतो. शेवटचा स्वच्छ आला. जूनपासून पुन्हा चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे, आणि या पावसाळ्यात एक आख्खी कविता मुलांना एका दमात म्हणून दाखवली. मधे थांबावं लागलं नाही. पुढची बाटली जळगावहून आणून ठेवली आहे, तिच्यावर माझं नाव आणि तारखेची रिकामी जागा. जानेवारीत सकाळी, चूळ भरून, चहाच्या आधी.